दहावीला वाढीव वेळ मिळेल, पण दुसरीत वाचायला कोण शिकवणार?

लालबागची आई:
मुलगा चौथीत, मराठी माध्यम. धड्यात 'बोका' असेल तर चित्र बघून 'मांजर' वाचतो. 'घर'चं 'धर' होतं. जोडाक्षर आलं की बोट तिथेच थांबतं आणि कान लाल होतात. तीन वर्षं ऐकलं, "लक्ष देत नाही." आता शाळा म्हणते, अध्ययन अक्षमतेचं, म्हणजे बुद्धी असूनही वाचन-लेखन अडण्याचं, प्रमाणपत्र काढा, दहावीला तासामागे 20 मिनिटं जास्त मिळतील, लेखनिक मिळेल. मिळू दे की! पण तोवरची सहा वर्षं? दुसरीतच तपासून आधी शिकवणं हवं, तेही शाळेतच.

निवृत्त शिक्षक, कुर्ला:
ताई, तळमळ कळते, पण पटत नाही. माझ्या वर्गात पन्नासच्या वर मुलं असायची. अडखळणाऱ्यांत कुणाच्या घरी भोजपुरी, कुणाला चष्म्याची गरज, कुणी दोन-दोन महिने गावाला. दुसरीतच शिक्का बसला की पुसला जात नाही. पोरं चिडवायचं सोडत नाहीत.

मुलुंडचे बाबा:
शिक्क्याला आम्हीही घाबरलो, त्यात पाचवी उजाडली. आणि ताई, सवलतीला कमी लेखू नका. माझी मुलगी रक्ताभिसरण तोंडी घडाघडा सांगायची, पेपरात मात्र प्रश्नच वाचून व्हायचा नाही. लेखनिक होता म्हणून दहावी सुटली. प्रमाणपत्रासाठी चार खेपा घातल्या, चार रजा गेल्या. पुन्हा घालीन.

दादरहून एक पालक:
माझा मुलगा घड्याळाशी झुंजून पेपर पुरा करतो. दुसऱ्याला जास्तीचा तास मिळतो, हे त्याला मी कसं समजावू? गरज नसताना सवलत घेणारेही असतीलच.

लालबागची आई:
2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अक्षमता आहे. वेळ हा हक्कच, त्यावरून मी मागे हटणार नाही. सर, भोजपुरी, डोळे की वाचन, हे ओळखायलाच तर तपासणी हवी. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची 'डाली' चाचणी मराठीतही आहे. दिवाळीपासून एक बाई घरी येतात. रव्याच्या ताटात गिरवून घेतात: 'घ'ची शिरोरेघ अखंड, 'ध'च्या डोक्याला गाठ. परवा त्याने आपणहून पाटी वाचली, 'धान्य भांडार'. दोन मिनिटं लागली, पण अंदाजाने नाही वाचली. त्याच्या बाकावरचा मुलगाही असाच अडतो. त्याच्या आईला ही फी झेपत नाही.

निवृत्त शिक्षक, कुर्ला:
ताट मान्य. पन्नास ताटं कोण मांडणार? शाळेशाळेत विशेष शिक्षक द्या, मी तुमच्या बाजूने उभा राहतो. नाहीतर वर्गावरच्या बाईंना भरायला आणखी एक तक्ता, एवढंच होईल.