बॅरी सँडर्स पळाला की सुटला?

तिरसट_नोवीकर: अमेरिकन फुटबॉलमध्ये बॉल घेऊन पळणारे दोन दिग्गज, डेट्रॉईट लायन्सचा बॅरी न डलास काउबॉइजचा एमिट, यांच्यावरून काल कुणीतरी लिहिलं, "बॅरी सँडर्स पळपुटा, एमिट स्मिथच खरा, आकडे बघा." दोन कप चहा झाला तरी डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय. आकडेच बघायचेत ना? १९८८, कॉलेजात ओक्लाहोमा स्टेटकडून, ११ मॅच, पळून २६२८ यार्ड, ३७ रशिंग टचडाऊन. आणि त्याआधी दोन वर्षं हा माणूस थर्मन थॉमसच्या मागे बाकावर! सीझननंतरच्या हॉलिडे बोल मॅचचे २२२ यार्ड न ५ टचडाऊन तर यात धरलेच नाहीत, तेव्हा बोलचे आकडे मोजतच नव्हते. मग लायन्सकडून १० सीझन, १५२६९ यार्ड, दर कॅरीला, म्हणजे बॉल घेऊन एकदा पळण्याला, ५. एमिटचे ४.२. बोला आता.

डलासकर_बापू: बोलतो की. एमिटनं ४४०९ वेळा बॉल घेऊन मार खाल्ला, तुमच्या बॅरीनं ३०६२ वेळा. कमी दिवस ऑफिसला गेलं की सरासरी छानच दिसते. लीगची अजिंक्यपदं, तीन सुपर बोल, कुणाकडे आहेत? आणि वॉल्टर पेटनचा सर्वाधिक १६७२६ यार्डांचा रेकॉर्ड फक्त १४५७ यार्डांवर आलेला असताना १९९९ ला कॅम्पच्या तोंडावर गावाकडच्या पेपरला निवृत्तीचा फॅक्स टाकून गायब. टीमला वाऱ्यावर सोडलं, याला दुसरा शब्द नाही.

तिरसट_नोवीकर: कुठली टीम हो? १९९१ च्या सीझनमध्ये युटली मैदानातच पडला तो परत चालला नाही, पुढच्या जूनमध्ये अँडोल्सेक ट्रकखाली गेला. बॅरीला वाट मोकळी करून देणारे दोन्ही गार्ड गेले. एमिटपुढे भिंत होती, बॅरीपुढे चाळण. त्या सीझनला प्लेऑफमध्ये तुमच्याच डलासला ३८-६ धुतलं होतं, आठवतंय का सोयीनं विसरलात?

डलासकर_बापू: आठवतंय. त्यानंतर बॅरी प्लेऑफमध्ये किती जिंकला? शून्य.

भोपळ्याचं_भरीत: फॅक्सचं राहू द्या हो, लायन्सनी करारावर सही करताना दिलेल्या बोनसचा हिस्सा परत मागितला, भांडण लवादापर्यंत गेलं, त्यावर कुणीच बोलत नाही! १० वर्षं अंग झिजवलं त्याचं काय? पुढं लायन्सच्याच कॅल्विन जॉन्सनलाही तेच केलं. मला हे जास्त लागतं कारण माझ्याबाबतीत हेच झालंय. रिलोकेशनचे पैसे दिले, तेराव्या महिन्यात वडील आयसीयूत, मी पुण्याला गेलो, राजीनामा मेलवर टाकला, तर चौथ्या दिवशी एचआरचं पत्र, ८२०० डॉलर परत करा.

डलासकर_बापू: वडिलांचं वाईट वाटलं. पण सही करताना वाचलं नव्हतं का? दोन वर्षं थांबायचं म्हणजे दोन वर्षं.

भोपळ्याचं_भरीत: व्हिसा त्यांच्या हातात असताना कोण वाचतं हो? तुम्ही मॅनेजर दिसताय.

डलासकर_बापू: आहे मॅनेजर. माझ्या टीममधला एक जण गो-लाईव्हच्या आदल्या रात्री असाच मेल टाकून गेला. दोन आठवडे मी घरी जेवलो नाही. म्हणून मला हा फॅक्स चावतो, समजलं?

भोपळ्याचं_भरीत: तो का गेला ते विचारलंत का कधी?

डलासकर_बापू: तुम्ही माझ्या घरात शिरू नका.

तिरसट_नोवीकर: अरे धागा बॅरीचा आहे, नोटीस पीरियडचा नाही! १९८९ ला, पहिल्याच वर्षी, शेवटच्या मॅचला सर्वाधिक यार्डांच्या टायटलसाठी पुढे असलेल्या ओकोयेला गाठायला १० यार्ड हवे होते. मॅच जिंकलेली, कोच विचारतोय आत जातोस का, हा म्हणाला नको. ज्यानं तेव्हा १० यार्ड सोडले तो १९९९ ला १४५७ कशाला मोजेल? आणि दमलेला म्हणाल तर १९९७ बघा. पहिल्या दोन मॅच मिळून ५३ यार्ड, मग सलग १४ मॅच शंभरच्या वर, एकूण २०५३.

डलासकर_बापू: ते १० यार्डांचं मला माहीत नव्हतं. मूर्खपणाच आहे, पण माझ्याच्यानं झाला नसता. बरं, पळपुटा हा शब्द मागे घेतो, ज्यानं लिहिला त्याच्या वतीनं. फॅक्स मात्र चूकच. एक फोन करायला काय झालं होतं?

तिरसट_नोवीकर: फोन केला असता तर तुम्ही थांबवलं असतं.

डलासकर_बापू: अर्थात.

भोपळ्याचं_भरीत: बॅरीचं मिटलं असेल तर, ८२०० मी हप्त्यानं भरले. शेवटचा हप्ता गेला तेव्हा बाबा नव्हते.