मदत हवी आहे : येऊरच्या अभ्यासिकेची सोलर बॅटरी, एक बदलावी की दोन्ही?

ठाण्याजवळ येऊरच्या जंगलातल्या एका पाड्यावरच्या अभ्यासिकेत वीजमीटर नाही, सगळं सोलरवर. 330 वॅटची दोन पॅनेल समांतर, 24 व्होल्टचा 30 अँपिअर एमपीपीटी (सोलरचा चार्ज कंट्रोलर), 150 एएचच्या (अँपिअर-तास) दोन ट्यूब्युलर लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या सिरीजमध्ये, चार वर्षं जुन्या. लोड म्हणजे 9 वॅटचे सहा दिवे, 28 वॅटचे दोन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे. संध्याकाळचे पाच तास धरले तर 550 वॅट-तास. एवढं सहज निघायला हवं. तरी आठच्या सुमारास इन्व्हर्टर लो बॅटरी दाखवून बंद.

पॅनेल पुसली, टर्मिनलवरचा पांढरा थर सोड्याच्या गरम पाण्याने काढला, डिस्टिल्ड वॉटर भरलं. इन्व्हर्टर रिकामाच 15-20 वॅट खातो म्हणून दिवसा बंद ठेवतो, फरक नगण्य.

चार्जिंगच्या शेवटी एमपीपीटी 28.8 व्होल्ट दाखवतो, पण बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजल्या तर 15.1 आणि 13.7. म्हणजे पहिली, चांगली बॅटरी उकळतेय आणि दुसरी उपाशी. हायड्रोमीटरवर (अ‍ॅसिडची घनता मोजायचं साधन) पहिलीचे सहाही सेल 1.230च्या वर, दुसरीचे पाच 1.200च्या आसपास, टोकाचा एक 1.130. सल्फेशन (प्लेटवर सल्फेट साचणं) की सेल शॉर्ट, इथेच घोडं अडलंय.

दुपारी तीननंतर झाडाची सावली येते, पण राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात फांदी छाटायचा प्रश्नच नाही. बजेट एका बॅटरीपुरतंच. लिथियम सुचवू नका, कंट्रोलरमध्ये ते सेटिंग नाही.

दुसरी बॅटरी सुटी करून 12 व्होल्टच्या चार्जरवर इक्वलाइज केली (मुद्दाम जास्त चार्ज करून सगळे सेल एका पातळीवर आणले), तर किती तासांत तो 1.130चा सेल हलला नाही म्हणजे गेला समजायचा? आणि बदलावीच लागली, तर जुनीच्या जोडीला नवी लावून कितपत निभेल?