मदत हवी आहे: स्कॉटलंडच्या लॉख नेस सरोवरातून बोटीने जाताना अर्कर्ट किल्ला आत जाऊन बघता येतो का?

तिखटमीठ:
मंडळी, जुलैअखेर स्कॉटलंड ठरतंय. धाकटे दीर-जाऊबाई मँचेस्टरला असतात. त्यांच्या डोक्यात आलंय की हॉटेलं नकोत, कॅलेडोनियन कालव्यात (लॉख नेस याच जलमार्गावर येतं) आठवडाभर भाड्याची बोट घ्यायची आणि तिच्यातच राहायचं, शिजवायचं. आम्ही दोन जोडपी, माझा बारा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई (वय ७१, गुडघे कुरकुरतात, उत्साह आमच्यापेक्षा जास्त). इनव्हर्नेसजवळून निघून लॉख नेसच्या दुसऱ्या टोकाच्या फोर्ट ऑगस्टस गावाच्या पुढे जमेल तेवढं जायचं आणि परत.

मला विचारायचंय ते अर्कर्ट किल्ल्याबद्दल. फोटो पाहिल्यापासून सासूबाईंनी "आत जायचंच" म्हणून बजावून ठेवलंय. नवऱ्याचं म्हणणं, पडक्या भिंती पाण्यातूनही दिसतात, जंजिरा बघितलेल्यांनी तिकीट कशाला काढायचं? फोटोत किल्ल्याखाली एक धक्का दिसतो, तिथे आपली बोट लावू देतात का? आत चढ-उतार किती? आणि बोट चालवायला परवाना लागतो का? दिरांना फक्त कारचा अनुभव. सरोवर आहे म्हणजे पाणी शांत असेल, असं मी धरून चाललेय.

(नेसीबद्दल, म्हणजे सरोवरातल्या त्या दंतकथेतल्या राक्षसाबद्दल, प्रतिसाद नकोत. ती माहिती मुलगा रोज पुरवतो.)

खलाशीकाका:
शेवटून सुरू करतो. शांत अजिबात धरू नका. सरोवराची दरी नैऋत्येकडून ईशान्येकडे सरळसोट गेलीय आणि वाराही बहुतेक वेळा नैऋत्येचाच. साधारण ३७ किलोमीटर लांबीत त्याला अडवायला काही नाही, त्यामुळे लाटा चांगल्या उसळतात. जाताना त्या समोरून घ्याव्या लागतील. सकाळी लवकर निघा आणि वारा पडत नसेल तर कालव्यातच मुक्काम वाढवा. नांगर टाकून मध्येच थांबू म्हणाल, तर खोली २२० मीटरच्या वर आहे. पाणी भर उन्हाळ्यातही गारठवणारं, तेव्हा डेकवर लाइफ जॅकेट सगळ्यांना, दिरांनाही.

परवाना लागत नाही, बोट ताब्यात देताना शिकवतात. अंधारात चालवायची मनाई असते, पण जुलैत तिकडे रात्री नऊ-साडेनऊलाही उजेड असतो. कालव्यात लॉक असतात, म्हणजे पाणी भरून-सोडून बोट वर-खाली करणारे बंदिस्त हौद; त्यांची दारं तिथले कर्मचारी उघडतात, तुम्ही दोर धरून उभं राहायचं. फोर्ट ऑगस्टसला एकाला एक लागून पाच लॉक आहेत. तासभर जातो, बघ्यांसमोर दोर सुटला तर जास्त.

इनव्हर्नेसची_मावशी:
किल्ल्याच्या त्या धक्क्यावर सहलीच्या मोठ्या लाँच लागतात. भाड्याची बोट तिथे बांधायचा बेत करू नका. किल्ल्याच्या उत्तरेला लागूनच अर्कर्टचा उपसागर आहे, तिथल्या छोट्या बंदरात बोट ठेवा. पुढे ड्रमनाड्रॉकिट गावातून रस्त्याच्या कडेने अडीच-तीन किलोमीटर चाल पडते. सासूबाईंना चालवू नका, टॅक्सी आधी सांगून ठेवा. फोर्ट विल्यमकडे जाणारी बसही किल्ल्याशी थांबते. तिकीट मात्र आधीच काढा, जुलैत झुंबड असते.

तिकीटघर वर रस्त्यालगत आणि किल्ला खाली पाण्याशी, म्हणजे जाताना उतार आणि दमल्यावर चढ. किल्ल्यातल्या ग्रँट मनोऱ्यातला गोल जिना अरुंद आहे, तो गुडघेवाल्यांनी सोडलेला बरा. खाली फिरूनही पुष्कळ बघायला मिळतं.

नवऱ्याला सांगा, हा किल्ला नुसता वयाने पडलेला नाही. १६९२ मध्ये शिबंदी किल्ला सोडून जाताना तो जॅकोबाइटांच्या (पदच्युत राजा जेम्सच्या समर्थकांच्या) हाती लागू नये म्हणून सरकारी सैनिकांनीच दरवाजाकडची इमारत सुरुंगाने उडवली. तिचे ढेकळासारखे तुकडे अजून तिथेच पडलेत. मनोऱ्याचा एक भाग १७१५ च्या वादळात कोसळला. सासूबाईंना १५४५ ची लूट आवडेल: मॅकडोनल्ड कुळातली मंडळी गुरंढोरं तर घेऊन गेलीच, पलंग आणि भांडीकुंडीही सोडली नाहीत! मुलासाठी दगड फेकणारं लाकडी यंत्र उभं केलंय, खऱ्या मापाचं. तो तिथून हलायचा नाही.

आणि पाण्यातून बघणं चुकवू नका. वरून हा किल्ला बसका वाटतो. पाण्यातून बघाल तेव्हाच कळतं की तो पुढे घुसलेल्या भूशिरावर आहे आणि जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक नावेवर लक्ष ठेवायलाच बांधलाय. फक्त लाँचच्या वाटेत रेंगाळू नका.

तिखटमीठ:
मावशी, काका, मनापासून आभार. धक्क्याचं कळलं नसतं तर आम्ही तिथे जाऊन भांडलो असतो. आता एकच: उपसागरात जाताना थांबू की येताना? दीर म्हणतात येताना, म्हणजे तोवर हात बसलेला असेल.

खलाशीकाका:
जाताना. उत्तरेकडून शिरलात की पहिल्या एक-तृतीयांशातच किल्ला येतो. त्या दिवशी वाऱ्याने आत जाऊ दिलं नाही, तर परतीचा दिवस हाताशी राहतो. येताना ठेवलंत आणि हवा बिघडली, तर सासूबाईंना उत्तर दिरांनी द्यायचं.