गावातल्या बंद घराचा टॅक्स कायले भरू म्हणणाऱ्या भाऊसाठी

जवसाची चटणी:
काल इथंच एका भाऊनं लिहिलं. नोकरी पुण्यात, घर यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात. बापाचं मातीचं घर पाडून स्लॅबचं बांधलं अन् कुलूप ठोकलं. आता घरटॅक्स दीड हजारावर गेला तं म्हणते, "ही लूट हाय, बंद घराचा एक पैसा देणार नाही." खाली लाइकचा पाऊस.

राजेहो, आधी हिशेब पाहा. 31 डिसेंबर 2015 ले नियम बदलले. तवापासून चौरस फुटावर नाही, भांडवली मूल्यावर, म्हंजे घर-जागेच्या सरकारी हिशेबातल्या किमतीवर आकारणी होते. जागेचा रेडीरेकनरचा म्हंजे सरकारी दर, बांधकामाचा दर, त्यातून घसारा म्हंजे जुनेपणाची घट, मंग वापराचा भारांक म्हंजे घर कशासाठी वापरतं त्याचा गुणक. राहतं घर असंल तं 1, दुकान काढलं तं 1.25. आरसीसीले म्हंजे स्लॅबच्या घराले मूल्याच्या दर हजारी 1 रुपया 20 पैशापासून 2 रुपयापर्यंत, मातीच्या घराले 30 ते 75 पैसे. तुह्या घराचं मूल्य 10 लाख निघालं अन् दीड रुपया दर लागला तं झाले 1500. वर्षाचे, बावा! महिन्याचे नाही. तुह्या शेजारच्या बुढीच्या लाखाच्या मातीच्या घराले 75 रुपयाच्या वर जात नाही. स्लॅब टाकला तवा गावभर पेढे वाटले, आता स्लॅबचा दर लागला तं लूट?

पुण्याच्या फ्लॅटले किती भरतं, ते नाही लिहिलं. थे मुकाट्यानं भरतं.

पुण्यातला पोट्टा:
मीच तो भाऊ. हिशेब मलाही येतो. दर ठरवते ग्रामपंचायत, आणि ग्रामपंचायतीत बसतं कोण? ज्यांचा दुमजली बंगला अजून नोंदवहीत "विटा-मातीचे घर" आहे ते. माझ्या घराला मात्र टेप लावून इंच न् इंच मोजला. हरकत घ्या म्हणे! यादी बोर्डावर लागते, बोर्डासमोर ट्रॅक्टर उभा असतो. पाणीपट्टी वेगळी. घरात नळ नाही, गावात टाकी उभी आहे, तिच्यात पाणी नाही.

सेवानिवृत्त सचिव:
नळ नसेल तर विशेष म्हणजे नळजोडणीची पाणीपट्टी लागत नाही, सामान्य लागते. बिलात कोणती आहे ते पाहून बोला. फेरआकारणी चार वर्षांनी होते, हरकतीला मुदत असते, त्यानंतरही पटले नाही तर पंचायत समितीत अपील आहे. माझ्या सेवेत अपील घेऊन आलेली माणसे बोटावर मोजण्याइतकी, शिव्या देणारी सारा गाव.

केंद्राच्या वित्त आयोगाचे पैसे येतात ना, असे सगळे म्हणतात. 15 व्या वित्त आयोगातले 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचे बंधन होते. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी, 5 टक्के दिव्यांगांसाठी ठेवावे लागतात. उरलेल्यात शिपाई, दिवाबत्ती, पंपाचे बिल. वसुली थकली की वीज कापली जाते, आणि एप्रिलमध्ये बायाबापड्या घागरी घेऊन सचिवाच्या दारात. पुण्याच्या दारात नाही.

ढोरकी:
सचिवसाहेब, वसुली फक्त गरिबाचीच कां? मेंबर लोक निवडणुकीचा फॉर्म भरायच्या आदल्या दिवशी थकबाकी भरते, कारण नाही भरली तं ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 14 मंधी अपात्र होते. पाच वर्षं झोपले राह्यते. अन् 2025-26 च्या सरकारी समृद्ध पंचायतराज अभियानात राहत्या घराच्या जुन्या थकबाकीवर निम्मी सूट काढली. मी सोयाबीन इकून दरसाली भरलो, म्या का घोडं मारलं? टॅक्स भरला म्हणून निदान घर तं माह्यं हाय, आठ अ वर नाव हाय.

तुरीचं वरण:
ढोरकी भाऊ, थांबा. आठ अ तलाठ्याचा, शेतीच्या खात्याचा. घराचा तो ग्रामपंचायतीचा नमुना 8. अन् त्यावर नाव म्हणजे मालकी नाही, ती कर कोणाकडून घ्यायचा याची नोंदवही आहे.

ढोरकी:
मंग आतापर्यंत सारा गाव त्याच कागदावर घरं इकून राह्यला, तो का येडा हाय?

तुरीचं वरण:
येडा नाही, फसलेला आहे. माझंच सांगते. यजमान वारले, वर्षभरात दिरानं टॅक्स भरला, पावत्या त्यांच्या हातात, आणि एका मासिक सभेत नमुना 8 वर नाव त्यांचं. मला कळलं बँकेत घराच्या कर्जाला गेले तेव्हा. पावती ज्याची घर त्याचं, असं सगळे मला शिकवत होते. वारसाचे कागद, तालुक्याच्या चकरा, भाऊबंदांचे टोमणे. नवरा-बायको दोघांची नावं नोंदवता येतात, हे यजमान असताना कोणी सांगितलं नाही. सचिवसाहेब, तुम्ही किती घरी सांगितलं?

सेवानिवृत्त सचिव:
ग्रामसभेत वाचून दाखवले जाते.

तुरीचं वरण:
ग्रामसभेत बाया किती असतात, तेही लिहा.

जवसाची चटणी:
ताई, ड्रोन आला नाही का तुमच्याकडं? स्वामित्व योजना 24 एप्रिल 2020 पासून हाय. गावठाणाची मोजणी होऊन मिळकत पत्रिका भेटते, तो खरा मालकीचा कागद.

तुरीचं वरण:
आला. मोजणीच्या आधी चुन्याच्या रेषा आखायच्या होत्या, त्या दिरानं आखल्या. ड्रोनला वरून चुना दिसतो, वारस दिसत नाही.

पुण्यातला पोट्टा:
बघा, मी हेच म्हणत होतो, व्यवस्थाच सडलेली.

जवसाची चटणी:
तू हे म्हणतच नव्हता! तू 1500 साठी रडत होता. ताईचं दुःख पांघरून स्वतःचा टॅक्स नको लपवू.

पुण्यातला पोट्टा:
तोंड सांभाळून. आणि बंगल्याचं काय? त्यावर कोणीच बोलत नाही.

सेवानिवृत्त सचिव:
लेखी तक्रार गटविकास अधिकाऱ्याकडे द्या, नमुना 8 ची नक्कल मागा, बंगल्याचा फोटो जोडा. चुकीची नोंद असेल तर दुरुस्त करावी लागेल. इतके मी मान्य करतो, अशा नोंदी असतात.

ढोरकी:
असते म्हणे! लिहिल्या कोणी?

पुण्यातला पोट्टा:
ठीक. यंदाचे भरतो, तक्रारही टाकतो. पावती मात्र आईच्या नावाची पाहिजे, आणि नमुना 8 वर तिचं नाव लावायला काय काय लागतं तेही सांगा. लवकर भरलं तर 5 टक्के सूट असते ना?

जवसाची चटणी:
30 सप्टेंबरपर्यंत होती. आता मार्च उलटू देशीन तं 5 टक्के दंड हाय, त्याची घाई कर.