पॉटचा हिशेब गाळ्यात चालतो का?

व्हीएमसीवाला, भोसरी

मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे. भोसरी एमआयडीसीत माझा भाड्याचा गाळा आहे. दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीनं), एक रेडियल ड्रिल, आठ माणसं, सगळं जॉबवर्क. आणि गेली चार वर्षं दर शनिवारी रात्री आम्ही पाच जण पोकर खेळतो. पैसे लावत नाही, प्लास्टिकच्या चिप्स असतात. ज्याच्या चिप्स आधी संपतील त्याने रविवारी सगळ्यांना मिसळ खिलवायची. (बऱ्याचदा मीच खिलवतो, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.)

एका व्हॉल्व्हवाल्या गिऱ्हाइकाने बॉडीचं काम दाखवलंय. महिन्याला ४०० नग, नगाला ८०० रुपये. माझ्या मशिनांवर ते बसत नाही, फोर्थ अॅक्सिसवालं, म्हणजे नग फिरवून काम करणारं, नवं लागेल. किंमत ३८ लाख. आठ मी घालायचे, तीस बँकेचे. पाच वर्षं, साडेदहा टक्के, हप्ता साधारण साडेचौसष्ट हजार. पीओ, म्हणजे लेखी ऑर्डर, नाही. "मशीन लावा, व्हॉल्यूम येणारच" एवढंच तोंडी.

माझा हिशेब असा: काम आलंच नाही तर मशीन विकून, फिक्स्चर (नग पकडायची चौकट) आणि टूलिंग धरून १२ लाखांची खोट. आलं तर तीन वर्षांत हप्ते, पगार, वीज जाऊन ३० लाख सुटतात. पोकरमध्ये पॉटचा, म्हणजे मधोमध साठलेल्या चिप्सचा, असाच हिशेब करतात: लावायचे १२, त्यात सुटणारे ३० मिळवून ४२. १२ भागिले ४२, म्हणजे २९ टक्के. शंभरात एकोणतीस वेळा काम आलं तरी बरोबरी. मी शक्यता ५० धरतोय. टेबलावर असा कॉल मी डोळे मिटून करेन, म्हणजे समोरच्याइतक्या चिप्स टाकून हातात राहीन. मग इथे झोप का उडालीय? हिशेबात कुठे चुकतोय?

नाव नको

चिप्स काय नि पैसे काय, पत्ते ते पत्तेच. २०२५ मध्ये सरकारने पैसे लावून चालणारे ऑनलाइन खेळ बंद केले ते उगाच नाही. धंद्यात नशिबावर हवाला ठेवू नये.

व्हीएमसीवाला, भोसरी

काका, आमच्या खेळात फक्त पोट बिघडतं.

रिव्हरची राणी, पुणे

भागाकार बरोबर आहे. गडबड आहे ती त्या ५० मध्ये.

हातात दोन बदाम, टेबलावरच्या तीन पानांत दोन बदाम, अजून दोन पानं उघडायची. पाचवं बदाम आलं की फ्लश. उरले नऊ बदाम, न पाहिलेली पानं ४७. पुढच्याच पानाला फ्लश लागायची शक्यता १९ टक्के, दोन्ही पानं धरून ३५. हे आकडे कुणाच्या मूडवर नाहीत, गड्डीत मोजून ५२ पानं असतात. तुमचे ५० कुठल्या गड्डीतून आले?

दुसरं, पोकरवाले ज्याला रिझल्टिंग म्हणतात ते टाळा. निकाल चांगला लागला म्हणून निर्णय चांगला होता असं नसतं. २००३ साली ख्रिस मनीमेकर नावाचा अकाउंटंट ८६ डॉलरच्या ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मेन इव्हेंटला पोचला आणि २५ लाख डॉलर घेऊन घरी गेला. ही गोष्ट सगळे सांगतात. त्या स्पर्धेत ८३९ जण बसले होते, बाकीच्या ८३८ जणांना कोण विचारतो? तुमच्या शेजारच्या गाळेवाल्याने असंच तोंडी कामावर मशीन घेतलं आणि आज त्याच्याकडे फॉर्च्युनर आहे, हे मनातून काढा. (असा एक शेजारी असतोच.)

फाउंड्रीवाला, शिरोली

भावा, मला होल्डेम, म्हणजे हा तुमचा पोकर, येत नाही, आम्ही तीन पत्तीवाले. पण तुझ्या हिशेबात एक मोठी खोट दिसली म्हणून लिहितोय.

पत्त्यांत पॉट टेबलाच्या मधोमध असतो. जिंकलास की दोन्ही हातांनी ओढून घेतोस. तुझा ३० लाखांचा पॉट समोरच्याच्या खिशात आहे. तो काढणार कधी? पेमेंट १२० दिवसांवर गेलं असं धर. महिन्याचं बिल ३ लाख २० हजार. त्यातला तुझा नफा ८० हजारांच्या आसपास, म्हणजे हप्त्यासकट खर्च झाला दोन लाख चाळीस. चार महिन्यांचे साडेनऊ लाख पहिला पैसा यायच्या आत तुझ्या खिशातून गेले. वर जीएसटी, बिल फाडलं की पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायचा, गिऱ्हाइकाने पैसे दिलेले असोत वा नसोत. मधेच काम थांबलं तर त्यातले किती परत येतील? आठ बुडाले धर. म्हणून तू १२ लावत नाहीस, २० लावतोस. २० भागिले ५०. लागणारी शक्यता झाली ४० टक्के.

आता ते ५०. जुन्या डायऱ्या काढ. गेल्या पाच-सहा वर्षांत "व्हॉल्यूम येणारच" किती जण म्हणाले, आणि बोललेला आकडा किती जणांकडून आला, ते मोज. तीच तुझी गड्डी.

मी शहाणपण सांगत नाही, भोगून बोलतोय. २०१९ ला ट्रॅक्टरच्या एका पार्टसाठी तोंडी शब्दावर शेल मोल्डिंगचं मशीन घेतलं. पार्टीने ड्रॉइंगच बदललं. दोन खंडेनवम्या त्या मशिनवरची ताडपत्री काढून हार घातला, नारळ फोडला आणि परत ताडपत्री टाकली. दुसऱ्या वर्षी पोरगं म्हणालं, बाबा, याला हार कशाला, यानं काय केलंय? विकायला काढलं तर गिऱ्हाईक लागायला सात महिने गेले, तोवर हप्ता चालूच. तू बारा लाखांत सुटणार म्हणतोस, पण मशीन त्याच दिवशी विकलं जात नाही.

आणि ब्लाइंड खेळायचंच तर एक ध्यानात घे. तीन पत्तीत ब्लाइंडवाल्याला अर्धीच चाल पडते, पानं बघितलेल्याला दुप्पट टाकावी लागते. इथे उलटं झालंय. पानं गिऱ्हाइकाच्या त्या पर्चेसवाल्याने (खरेदी बघणाऱ्याने) बघितलीत, ब्लाइंड तू आहेस, आणि सगळी चाल तूच टाकतोयस. त्याला थोडी टाकायला लाव. फिक्स्चरचे पैसे अॅडव्हान्स माग. देतो का नाही, त्यावरून त्याच्या हातात काय आहे ते कळेल.

रिव्हरची राणी, पुणे

शिरोलीचे दादा होल्डेम न येता आमच्यापेक्षा बरं खेळतात. एकच भर घालते. शक्यता तुमच्या बाजूने असली तरी एका हातात सगळ्या चिप्स ढकलायच्या नसतात. शनिवारी संपल्या तर पुढच्या शनिवारी नव्या मिळतात. आठ जणांचा पगार तसा मिळत नाही.

सीए आहे, फुकट सल्ला

तुमची उद्यम नोंदणी (सरकारकडची लघुउद्योगाची नोंद) सूक्ष्म किंवा लघु गटात असेल तर २००६ च्या एमएसएमईडी, म्हणजे लघुउद्योगांच्या कायद्यानुसार लेखी करारातसुद्धा ४५ दिवसांच्या पुढे मुदत घालता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढ व्याज. शिवाय आयकर कायद्यामुळे (१९६१ च्या कायद्यात कलम ४३बी(एच)) मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च गिऱ्हाइकाला त्या वर्षी वजा करता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षी मिळतो. उद्यम नंबर बिलावर छापा.

फाउंड्रीवाला, शिरोली

छापतो की, साहेब. पण व्याजाचं पत्र धाडलं की पुढची ऑर्डर दुसऱ्याच्या गाळ्यात जाते. त्याचं कलम कुठलं?

व्हीएमसीवाला, भोसरी

उशिरा लिहितोय, सॉरी.

डायऱ्या काढल्या. बायको हिशेब बघते, तिच्या वहीत माझ्यापेक्षा जास्त सापडलं. २०१९ पासून "व्हॉल्यूम येणारच" म्हणणारे अकरा. बोललेला आकडा आला तिघांकडून, अर्ध्यावर थांबले दोघे. बाकी सहा जण चहा पिऊन गेले ते गेलेच. तीन भागिले अकरा, २७ टक्के. दादांचे ४० सोडाच, माझ्या स्वतःच्या २९ लाही पुरत नाहीत.

फिक्स्चरचे ९० हजार अॅडव्हान्स मागितले. पर्चेसवाला हसला आणि "वर विचारून सांगतो" म्हणाला. आठ दिवस फोन नाही. नवव्या दिवशी फोन आला: अॅडव्हान्स जमणार नाही, पण ६० नगांची ट्रायल करा, पीओ देतो. आता ती बॉडी जुन्याच मशीनवर रोटरी टेबल (नग फिरवणारं) भाड्याने आणून दोन सेटअपमध्ये काढतोय. नगामागे सुटतं जेमतेम ३० रुपये, पण पुढचं पान स्वस्तात बघायला मिळतंय. बँकवाल्याला दिवाळीनंतर या म्हटलं. तो दर सोमवारी फोन करतो.

फाउंड्रीवाला, शिरोली

बरं केलंस. पीओवर पेमेंट टर्म बघितलीस का?

व्हीएमसीवाला, भोसरी

९० दिवस. उद्यम नंबर घालून मेल टाकलाय, ४५ करा म्हणून. अजून उत्तर नाही.