मदत हवी आहे: नागपुरात ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी. फॅटी लिव्हरच्या रुग्णांच्या लिपिडोमिक्सवर, म्हणजे रक्तातल्या निरनिराळ्या चरबीच्या रेणूंवर काम करतोय. उपाशीपोटी घेतलेले प्लाझ्माचे ६० नमुने उणे ८० अंशांवर ठेवलेत, मास स्पेक्ट्रोमेट्रीसाठी (रेणू वस्तुमानावरून ओळखायची तपासणी) पुण्याला पाठवायचेत. मागच्या खेपेला कुरिअरवाल्यानं डबा गोदामात तसाच पडू दिला, सगळं वितळलं. वितळलं की एन्झाइम जागे होतात, फॉस्फोलिपिड (फॉस्फेट असलेली चरबी) तुटून त्यांची लायसो रूपं (एक फॅटी ॲसिड गळालेली) वाढतात. मग त्यातलं आजारामुळे किती अन् आपल्या मे महिन्याच्या उन्हामुळे किती, कोण सांगणार!

हिंगणा किंवा बुटीबोरीकडे कुणी १०-१५ किलो ड्राय आइस किरकोळ देतं का? आणि थर्माकोलचा डबा ४५ अंशांत किती तास टिकतो, कुणाचा अनुभव? (झाकण हवाबंद करायचं नाही, गॅस साचतो, हे माहीत आहे.) गाइड रोज विचारताहेत हो.