दुकानाच्या नावाचं क्रेडिट कार्ड: बाबांनी बिल कसं भरावं? (नवं अ‍ॅप नको, शुल्क नको)

मेघना_क
नमस्कार मंडळी. बाबा कऱ्हाडला असतात, एसटीतून निवृत्त. वॉशिंग मशीन बघायला गेले तेव्हा दुकानातल्या मुलाने "यावर सूट मिळेल काका" म्हणत त्या दुकानाच्याच नावाच्या क्रेडिट कार्डाचा अर्ज भरून घेतला. कार्ड आलं, मशीनही त्यावरच घेतलं. आता १९,९९० रुपयांचं बिल आलंय, शेवटची तारीख १८. बाबा रोख पैसे घेऊन दुकानात गेले, तर काउंटरवर "इथे घेत नाही" म्हणाले.
अटी अशा: बाबांचा फोन साधा, बटणांचा आहे. पैसे त्यांच्याच बचत खात्यातून जायला हवेत, मी भरलेले त्यांना चालत नाहीत. त्यांचं खातं आणि कार्ड वेगवेगळ्या बँकांचं आहे. शुल्क शक्यतो शून्य. दर महिन्याला जमेल असा मार्ग सुचवा.

पक्या_डोंबिवली
ताई, आधी ते कार्ड बाजूला ठेवा. दुकानाची कार्डं त्या दुकानापुरतीच बरी. माझं आजन्म मोफत कार्ड आहे, पेट्रोलवर अधिभार माफ, विमानतळावर लाउंज. बाबांना तसलं घेऊन द्या. बिल अ‍ॅपवर दोन मिनिटांत भरून होतं.

सुखदा_ठाणे
पक्या, त्यांनी काय विचारलंय ते आधी वाच. अ‍ॅप नको, नवीन कार्ड तर मागितलंच नाहीये.
मेघना, मी माझ्या आईचं बिल माझ्या यूपीआय अ‍ॅपवरून भरते. क्रेडिट कार्ड बिल या भागात बँक निवडायची, तिचा मोबाइल नंबर आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे टाकायचे, थकीत रक्कम समोर येते. तूच भरून टाक, बाबांकडून नंतर रोख घे.

शिरीष_जो
दुकानात पैसे का घेत नाहीत ते सांगतो. कार्डावर नाव दुकानाचं असलं तरी उधारी बँकेची असते. अ‍ॅमेझॉन पे आयसीआयसीआय, फ्लिपकार्ट अ‍ॅक्सिस, रिलायन्स एसबीआय ही सगळी त्याच जातकुळीची. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार दुकानाचं काम कार्डाचा प्रचार आणि वितरण एवढंच. ग्राहकाच्या व्यवहारांची माहितीसुद्धा दुकानाला बघता येत नाही. त्यामुळे काउंटरवरच्या मुलाला थकबाकी विचारण्यात अर्थ नाही. कार्ड उलटं करा, मागे बँकेचं नाव आणि ग्राहक सेवेचा नंबर छापलेला असतो. पैसे भरायचे ते त्या बँकेकडे.

आबा_सांगलीकर
सरळ उपाय म्हणजे ऑटोपे. कार्डाच्या बँकेकडून नॅच मँडेटचा, म्हणजे खात्यातून पैसे वळते करायच्या परवानगीचा, कागदी अर्ज मागवायचा, बचत खात्याचा नंबर लिहायचा, सही करायची. दर महिन्याला आपोआप पैसे वळते होतात. अ‍ॅप नको, फोन नको. मी वर्षानुवर्षं असंच भरतोय, एकदाही दंड नाही. फक्त मँडेट नोंदवायला वेळ लागतो, म्हणून पहिलं बिल हाताने भरा.

कोकणकडा
+१ ऑटोपे.

रेवती_अकोला
ऑटोपेच्या अर्जावर दोन चौकटी असतात, एकूण देय आणि किमान देय. माझ्या मावसभावाच्या अर्जावर एजंटने किमान देयवर खूण केली होती. भावाला वाटत राहिलं, बिल भरलं जातंय. त्याची बँक कोणती ते इथे लिहीत नाही, पण ही खूण स्वतः तपासा.
किमान देय म्हणजे साधारण पाच टक्के. वीस हजारांवर हजार भरले, उरले एकोणीस हजार. महिना साडेतीन टक्के धरले तर व्याज ६६५ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी १२०. पुढच्या महिन्यात पुन्हा हजार भरले की त्यातले ७८५ व्याजातच जातात, मुद्दल कमी होतं जेमतेम २१५ रुपयांनी. शिवाय थकबाकी राहिली की नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून मीटर सुरू. बाबांना "एकूण देय" हे दोन शब्द बिलावर लाल पेनाने गोल करून दाखवा.

पक्या_डोंबिवली
म्हणून तर म्हणतो, चांगलं कार्ड घ्या.

रेवती_अकोला
कार्ड कुठलंही असलं तरी किमान देयचं गणित हेच आहे. लाउंजवाल्या कार्डालाही.

घरगुती_गोष्टी
अवांतर: मशीन फ्रंट लोड घेतलं की टॉप लोड? कऱ्हाडला पाणी जड असेल तर फ्रंट लोडच्या ड्रमला क्षार बसतात. आमच्याकडे बोअरच्या पाण्याने हीटर गेला.

कोकणकडा
टॉप लोड. लाइट गेली तरी झाकण उघडून कपडे काढता येतात.

घरगुती_गोष्टी
पण कपडे फ्रंट लोडमध्येच जास्त स्वच्छ निघतात, यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

मेघना_क
टॉप लोड घेतलंय, आणि चांगलं चाललंय. 🙏 कृपया बिलाकडे वळू या. ऑटोपेचं मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "माझ्या खात्यातून मला न विचारता पैसे जायचे नाहीत." यावर ते हलणार नाहीत.

आबा_सांगलीकर
न विचारता कसे? आधी स्टेटमेंट येतं, तारीख कळते, पटलं नाही तर बँकेला सांगून मँडेट रद्द करता येतं. वडिलांना नीट समजावून सांगा. या वयात तारीख विसरण्याचा धोका जास्त.

सुखदा_ठाणे
आबा, समजावून झालंय त्यांचं. मेघना, चेकने? कार्डाच्या बँकेच्या ड्रॉप बॉक्समध्ये टाकायचा. नाव कसं लिहायचं ते स्टेटमेंटवर दिलेलं असतं, बहुतेक ठिकाणी बँकेचं नाव आणि पुढे कार्डाचा पूर्ण नंबर. मागे मोबाइल नंबर लिहायचा.

शिरीष_जो
चेकवर भिस्त ठेवायची तर निदान आठवडाभर आधी टाका. ऑक्टोबर २०२५ पासून चेक त्याच दिवशी वटण्याची सोय झाली आहे, पण पेटीतून चेक कधी उचलणार ते पेटीवाल्यांच्या हातात. तारखेला टाकलेला चेक म्हणजे उशीर झालेला चेक.

दत्ता_परभणी
रोख भरा ना बँकेत. नोटा मोजून दिल्या, पावती घेतली, विषय संपला. आमच्याकडे सगळे असंच करतात.

रेवती_अकोला
बहुतेक बँका कार्डाचं बिल रोखीने भरायला शुल्क घेतात, शंभरापासून अडीचशेपर्यंत, वर जीएसटी. त्यांनी शुल्क शून्य म्हटलंय.

दत्ता_परभणी
मग शंभर रुपये गेले तर गेले. मनाला शांती मिळते.

ओंकार_बंगळुरू
साध्या फोनवरही यूपीआय चालतं, यूपीआय १२३पे. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने सुरू केलं, इंटरनेट लागत नाही, फोन लावून आवाजावरच्या सूचना ऐकत बटणं दाबायची. एका व्यवहाराची मर्यादा आधी पाच हजार होती, नंतर दहा हजार झाली.

सुखदा_ठाणे
बिल १९,९९० चं आहे ओंकार.

ओंकार_बंगळुरू
दोन-तीन हप्त्यांत भरता येईल, शेवटच्या तारखेच्या आत एकूण रक्कम पोचली म्हणजे झालं. पण वयस्कर माणसाला ते जिकिरीचं होईल, हे मान्य.

काउंटर_नंबर_चार
मी बँकेतून निवृत्त झालो, आयुष्य काउंटरवर गेलं. ताईंच्या वडिलांना जे हवंय ते त्यांच्याच शाखेत होतं, आणि अजून कुणी ते लिहिलेलं नाही म्हणून सविस्तर लिहितो.
बऱ्याच बँका क्रेडिट कार्डाचं बिल एनईएफटीने, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवण्याच्या सोयीने, घेतात. शाखेत एनईएफटीचा छापील अर्ज मिळतो. लाभार्थीच्या खाते क्रमांकाच्या जागी कार्डाचा सोळा आकडी नंबर लिहायचा. लाभार्थीचं नाव म्हणजे कार्डावरचं नाव. खाते प्रकारात क्रेडिट कार्ड. आयएफएससी, म्हणजे बँकेच्या शाखेचा सांकेतिक क्रमांक, मात्र कार्ड विभागाचा वेगळा असतो, जवळच्या शाखेचा चालत नाही. तो स्टेटमेंटवरून किंवा बँकेच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवून घ्या. काही बँकांची पद्धत वेगळी असते, म्हणून पहिल्या वेळी कार्डाच्या मागच्या नंबरावर फोन करून खात्री करा.
ऑनलाइन एनईएफटीला बचत खातेदाराकडून शुल्क घेत नाहीत. शाखेतून केल्यास दहा हजारांपर्यंत जास्तीत जास्त अडीच रुपये आणि त्यापुढे एक लाखापर्यंत पाच रुपये, वर जीएसटी. म्हणजे या बिलाला ५ रुपये ९० पैसे.
सोळा आकडे चार-चारच्या गटांत लिहा आणि काउंटरवरच्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या. चुकलेल्या आकड्यामागे धावताना मी माणसं रडकुंडीला आलेली पाहिली आहेत.

पक्या_डोंबिवली
२०२६ मध्ये छापील अर्ज? काका, जुलै २०२४ पासून अ‍ॅपवरून कार्डाची बिलं भारत बिल पेमार्फतच जातात, रक्कमसुद्धा आपोआप येते. आकडा चुकायचा प्रश्नच नाही.

काउंटर_नंबर_चार
अ‍ॅपवाल्यासाठी तेच उत्तम, मी नाही म्हणत नाही. पण त्यांच्याकडे अ‍ॅप नाही. ज्याच्याकडे जे आहे त्यातून मार्ग काढायचा.

दत्ता_परभणी
शाखेत रांग किती असते माहिती आहे का? त्यापेक्षा रोख बरं.

शिरीष_जो
रोख भरायलाही रांगच आहे दत्ताभाऊ.

कोकणकडा
घाई करू नका, शेवटच्या तारखेनंतर तीन दिवस सवलत असते. २१ ला भरलं तरी चालेल.

रेवती_अकोला
असं सांगू नका कुणाला. तीन दिवस उलटल्याशिवाय थकीत म्हणून कळवायचं नाही आणि दंड लावायचा नाही, एवढाच तो नियम आहे. चौथा दिवस लागला की उशिराचे दिवस मूळ तारखेपासूनच मोजतात. मधे रविवार आला, एखादी सुट्टी आली की शाखा बंद. कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या क्रेडिट ब्युरोला आता माहितीही महिन्यातून एकापेक्षा जास्त वेळा जाते. शाखेतून भरणाऱ्याने तर १८ नव्हे, १२ हीच शेवटची तारीख समजावी.

घरगुती_गोष्टी
एक सांगते, हे फार महत्त्वाचं आहे. कार्डाच्या बँकेचा नंबर गुगलवर शोधू नका. आमच्या सोसायटीतल्या आजोबांनी शोधला, पलीकडचा माणूस गोड बोलून ओटीपी मागत होता. सुनेने फोन हातातून घेतला म्हणून वाचले. नंबर कार्डाच्या मागचाच लावायचा. बिल भरायला ओटीपी फोनवर कुणालाही सांगावा लागत नाही.

आबा_सांगलीकर
सगळं खरं, तरीही ऑटोपेच. दर महिन्याला शाखेत जाण्याचा त्रास कशाला?

सुखदा_ठाणे
मी अजूनही म्हणते, मेघना, तूच भर आणि मोकळी हो.

मेघना_क
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं एकदाचं. बाबा शाखेतून एनईएफटीच करणार. मलाही आधी ऑटोपे बरं वाटत होतं आणि इथे काहींचं मतही तेच आहे. पण पैसे त्यांचे, खातं त्यांचं. पासबुक भरायला ते तसेही दर महिन्याला शाखेत जातात. कार्डाच्या मागच्या नंबरावर फोन करून आयएफएससी पक्का केला. मी एक नमुना अर्ज मोठ्या अक्षरांत भरून लॅमिनेट करून पाठवलाय, रक्कम आणि तारखेची जागा तेवढी रिकामी ठेवली. कार्डाचा नंबर त्यावर घातला नाही, तो ते कार्ड बघून लिहिणार. काल पूर्ण १९,९९० भरले. ५ रुपये ९० पैशांना बाबांची हरकत नाही.
पुढे हे कार्ड बंदच करावं असं त्यांच्या मनात आहे. मशीन झालं, आता उधारी नको म्हणतात.

पक्या_डोंबिवली
बंद नका करू! सणाला परत सूट येते. वापरू नका, पण असू द्या.

शिरीष_जो
वार्षिक शुल्क आहे का ते पाहून ठरवा. बंद करायचं तर थकबाकी शून्य हवी, मग बँकेला लेखी किंवा ईमेलने कळवा. सात कामकाजाच्या दिवसांत बंद करणं बँकेवर बंधनकारक आहे, नाहीतर दिवसाला ५०० रुपये दंड बँकेने ग्राहकाला द्यायचा. टाळाटाळ झाली, तक्रारीला तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. चौकशीसाठी १४४४८.

काउंटर_नंबर_चार
अर्जाच्या खालच्या अर्ध्या भागावर शिक्का घेतला ना? त्यावर यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, लिहून घ्यायला सांगा, काउंटरवर मागितला की देतात. दोन दिवसांनी कार्डाच्या बँकेला फोन करून रक्कम जमा झाल्याची खात्री करा, आणि पुढचं स्टेटमेंट येईपर्यंत ती पावती पासबुकातच ठेवायला सांगा. बंद करण्याचा अर्ज त्या स्टेटमेंटवर शून्य दिसल्यावरच द्या, कधीकधी मागाहून एखादं शुल्क किंवा व्याज लागलेलं असतं.

मेघना_क
यूटीआर घेतला नाहीये. उद्या सकाळी पाठवते बाबांना शाखेत.